पूजेतलं पुस्तक

नवरात्र आलं की मला हिंगाचा वास येतो आणि राग येतो. दोन्ही एकदमच येतात. इतकी वर्षं पुण्यात काढली, पण यात काही फरक पडला नाही. इथे शेजारी घट बसतात, सोसायटीच्या अंगणात मुली भोंडल्याचा फेर धरतात, डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. छान असतं ते सगळं. मी खिडकीतून बघते, कुणी बोलावलं तर खालीही जाते. पण माझं नवरात्र हे नव्हे. माझं नवरात्र तंजावूरचं, राजवाड्यामागच्या गल्लीतलं, जिथे आम्ही घरात मराठी बोलायचो, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि देवनागरी वाचता येणारा माणूस शोधावा लागायचा.

तिथे नवरात्र म्हणजे कोलू. माळ्यावरच्या पेट्या खाली यायच्या. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या बाहुल्या निघायच्या, डांबरगोळ्यांचा वास घेऊन. फळ्यांच्या पायऱ्या रचून त्यांवर पांढरं वेष्टीचं, म्हणजे धोतराचं, कापड अंथरायचं. वर देव, मध्ये राजाराणी, खाली वाणी, वाणीण, पोलीस. मान डोलवणारी तंजावूरची बाहुली कडेला, म्हणजे येताजाता तिच्या डोक्याला टिचकी मारता यावी. संध्याकाळी बायकामुली नटून घरोघर निघायच्या. ज्या घरी जायचं तिथे कोलूसमोर बसून एक गाणं म्हणायचं, सुंडल घ्यायचं, म्हणजे खोबरं आणि हिंग घातलेले उकडलेले हरभरे, कुंकू लावून घ्यायचं आणि पुढच्या घरी. गाणं म्हटल्याशिवाय सुटका नसे. ज्या घरातली मुलगी गाते त्या घराची मान ताठ. माझ्या गळ्यात सूर नावाला नव्हता. मी गुणाकार करायचे.

ती वर्षं नव्या वाऱ्याची होती. गल्लीच्या तोंडाशी कंप्युटर शिकवणाऱ्या क्लासचा बोर्ड लागला होता, आत कंप्युटर होता की नाही देव जाणे. केबल आली होती. कोलूच्या खालच्या पायरीवर मातीच्या बैलगाडीशेजारी प्लास्टिकच्या परदेशी मोटारी उभ्या राहायला लागल्या होत्या. जो तो कुणाच्या तरी मुलाला अमेरिकेला पाठवत होता, निदान बोलण्यात. आमचे अप्पा तालुका कचेरीत कारकून. त्यांना कुणी कुठे पाठवणार नव्हतं. त्यांच्याजवळ मी होते.

"सुगुणा, इकडं ये. बैस इथे. मामांस नमस्कार कर." मग पाहुण्यांकडे वळून, "तुमास कोंचे होना ते दोन आकडे सांगा. मोठे सांगा. लाजू नक्को."

पाहुणे लाजायचे. मोठा आकडा मनात आणणं सगळ्यांनाच जमतं असं नाही. मग कुणीतरी स्कूटरचा नंबर सांगायचं, कुणी घरचा फोन. मी कोलूच्या पायऱ्यांकडे बघत उत्तर द्यायचे. ते मला फारसं कठीण जात नव्हतं. आकडे आपले आपण ओळीत येऊन बसायचे. "अय्यो, काय बुद्धी गे!" बायका कानशिलावर बोटं मोडायच्या. "ही तर कंप्युटर पाप्पा!" पाप्पा म्हणजे बाळ. नाव चिकटलं. पहिल्याच वर्षी बेंगळुरूच्या चुलतमामांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढून माझी उत्तरं पडताळली होती. ती जुळली. त्यानंतर कॅल्क्युलेटर पुन्हा बाहेर आला नाही. अप्पा म्हणायचे, सरस्वतीपुढं यंत्र काढणं बरं दिसत नाही.

अकराव्या वर्षी मी पहिलं चुकीचं उत्तर दिलं. मुद्दाम. कंटाळा आला होता हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे मला बघायचं होतं. खोली भरलेली होती. मोठ्या आत्या, कचेरीतले साहेब सपत्निक, समोरच्या घरातल्या साऱ्या बायका. मी मधला एक आकडा बदलला आणि ठणठणीत आवाजात उत्तर सांगितलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी मान डोलवणाऱ्या बाहुलीला टिचकी मारली. अप्पांचा चेहरा उजळला होता, आणि मला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं. एवढ्या माणसांत एकालाही कळलं नव्हतं. त्या क्षणी मला माझ्या बापाची दया आली. अकरा वर्षांच्या मुलीला बापाची दया येऊ नये. ती एकदा आली की जात नाही.

मग मी त्यात तरबेज झाले. पहिला आकडा आणि शेवटचा आकडा बरोबर ठेवायचा. चुकून कुणी अंदाज घेतलाच तर तो टोकांचा घेतो. बिघडवायचं ते मधलं. आणि उत्तर दिल्यावर लगेच खाली बघायचं नाही, सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायचं. कुणाच्या तरी कपाळावर आठी दिसेल म्हणून मी बघायचे. दिसायची नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत प्रज्ञावंत मुलांवर कार्यशाळा झाली. मी शाळेत गणित शिकवते. बरी शिकवते, त्यापेक्षा जास्त काही नाही. पडद्यावर चित्रं होती, रोपट्याला पाणी घालणारे हात होते, पोषक वातावरण वगैरे शब्द होते. मग पाहुण्यांनी सातवीतल्या एका मुलाला स्टेजवर बोलावलं आणि वर्गसंख्या म्हणायला लावल्या. मुलगा घडाघडा म्हणत गेला. आम्ही शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. मी त्या मुलाचं तोंड बघत होते. म्हणून झाल्यावर त्याने आमच्याकडे एकदा नजर फिरवली. मला ती नजर ओळखीची वाटली, आणि चहाला न थांबता मी घरी आले. पाणी घालणारे हात! रोपट्याला पाणी कमी पडून मरायची पाळी क्वचित येते. आमच्याकडे बहुतेक रोपटी दिवाणखान्यात आणून ठेवल्यामुळे मरतात.

भुवना मॅडम आमच्या कोलूला आल्या त्या शेजारणीबरोबर, सहज. तिरुवैयारूला कावेरीच्या काठी राहायच्या, मुलींच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घरी कॉलेजची मुलं यायची शिकायला. उंच, पांढऱ्या केसांची, कुणाशी फार गोड न बोलणारी बाई. अप्पांनी मला नेहमीप्रमाणे समोर बसवलं. मी नेहमीप्रमाणे मधला आकडा बिघडवला. नेहमीप्रमाणे तोंडांकडे बघितलं. आणि मॅडमच्या कपाळावर आठी होती.

निघताना ओट्यावर चपला घालता घालता त्यांनी हळूच तमिळमध्ये विचारलं, "मधला आकडा मुद्दाम बिघडवलास?"

मी मान हलवली.

"का?"

"कुणाला कळतं का ते बघायला."

त्या हसल्या नाहीत. पिशवीतून एक पुस्तक काढलं. जुनं, पाठ उसवलेलं, इंग्रजी. "मला गुणाकार करणारी मुलं नकोत. मला अडकणारी हवीत. हे वाच. दसऱ्यानंतरच्या शनिवारी घरी ये आणि कुठे अडकलीस ते सांग. नीट अडकली असशील तर तुला मोठ्या मुलांबरोबर बसवीन, दर शनिवारी."

मला नीट अडकायचं होतं. इतकी कुठल्याच गोष्टीची इच्छा मला तोवर झाली नव्हती आणि नंतरही क्वचितच झाली. त्या संध्याकाळी मी मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्याशी बसून पहिलं पान उघडलं. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांशिवाय कशानेच भाग जात नाही, अशा संख्या कधी संपतच नाहीत, ते दाखव, असं त्यात होतं. संपत नाहीत? मी शोधत गेले, त्या विरळ होत गेल्या, पण सापडत राहिल्या. सापडत राहतात म्हणून संपत नाहीत असं कसं म्हणणार? पुढे कुठेतरी शेवटची बसली असेल की दडून! मला उत्तर येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर एक गोष्ट होती आणि ती मला येत नव्हती. मी अंधार पडेपर्यंत तिथे बसले. आई हाका मारत होती. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही, नवऱ्याला हे माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजा होती.

तंजावूरच्या घराघरांत त्या दिवशी पुस्तकं देवीपुढे ठेवतात. सगळी. शाळेची, कचेरीची, गाण्याची, पंचांगसुद्धा. त्या दिवशी कुणी काही वाचायचं नाही की लिहायचं नाही. मुलांना तो दिवस फार आवडतो. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा पूजा होते, प्रत्येकाने आपलं पुस्तक उचलायचं आणि एक ओळ तरी वाचायची, म्हणजे वर्षभर विद्या सोबत राहते. चांगली रीत आहे. मी तिच्यावर टीका करत नाही. एक दिवस न वाचता राहिलं की वाचावंसं वाटतं, एवढं कळणारं कुणीतरी शहाणं माणूस पूर्वी होऊन गेलं असणार.

अप्पांनी मॅडमचं पुस्तक बघितलं. हातात घेतलं, उलटंपालटं केलं, पहिल्या पानावरची मॅडमची सही आणि नावापुढच्या पदव्या बोटाने वाचल्या. मग आईला हाक मारली. आईच्या लग्नातल्या जरीच्या तुकड्यात ते पुस्तक गुंडाळलं गेलं, त्याला चंदन लागलं, कुंकू लागलं, आणि ते सगळ्यात वरच्या पायरीवर कलशाशेजारी जाऊन बसलं. अप्पा बराच वेळ हात जोडून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. हेच सगळ्यात वाईट आहे.

विजयादशमीला माझा धाकटा भाऊ माधव त्याचं तमिळ वाचनाचं पुस्तक उचलून ओट्यावर पळाला. मी वरच्या पायरीकडे हात केला.

"ते नक्को," अप्पा म्हणाले. "ते राहू दे."

"मज वाचायचं आहे, अप्पा. शनिवारी मॅडमस सांगायचं आहे."

"येवढ्या मोठ्या प्रोफेसराच्या हातचं पुस्तक आपल्या घरी आलं. ते काय सुंडल खाल्लेल्या हातानं उघडायचं? दर साल सरस्वतीपुढं ठेवूं. तुजच बरं होईल."

"पण वाचल्याशिवाय..."

"तुज वाचायस काय होना गे? तुज सगळं येतंच की!"

मी रडले. आईने समजूत घातली, मग धपाटा घातला. पुस्तक कपाटात गेलं, चांदीच्या समयांच्या खणात, आणि त्या खणाची किल्ली आईच्या कमरेला असे; रोज सकाळी खण उघडून त्यावर एक फूल वाहिलं जाई. शनिवार उजाडला तेव्हा अप्पांनी मला नवी रेशमी पावाडै नेसवली, पायघोळ परकर असतो आमच्याकडे मुलींचा तो, आणि मोपेडवर मागे बसवलं. मांडीवर ताट: केळी, नारळ, विडा, फुलं. कालव्याच्या कडेने रस्ता होता. दोन्ही बाजूंना नुकतं लावलेलं भात पाण्यात उभं होतं, आकाश भरून आलेलं होतं, ईशान्येचा पाऊस कधीही सुरू झाला असता. मी सारा रस्ता त्या एका प्रश्नाचा विचार करत होते. मला वाटत होतं, एका पानावर अडकले एवढं सांगितलं तरी पुरेल.

मॅडमच्या घरी चटईवर कॉलेजची मुलं बसली होती, फळ्यावर काहीतरी अर्धवट लिहिलेलं होतं. मी दारातूनच ती अर्धवट ओळ वाचायला लागले.

"कुठे अडकलीस?" मॅडमनी विचारलं.

"पहिल्याच पानावर," मी म्हटलं.

अप्पा घाईने हसले. मोठ्या मुलांसमोर आपली मुलगी अडकली म्हणते, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. "लाजते मॅडम ती. ही कुठेच अडकत नाही! तुम्ही विचारून बघा. काहीही विचारा."

"पुढची पानं?" मॅडम मलाच विचारत होत्या.

"पुस्तक पूजेत आहे."

मॅडमनी अप्पांकडे बघितलं. अप्पांना वाटलं, आता कौतुक होणार. "हो मॅडम! रोज फूल घालतो आम्ही."

कुणीतरी मुलगा फिसकन हसला. अप्पांना ते कळलं. कान लाल झाले त्यांचे. मग त्यांनी स्वतःच दोन आकडे सांगितले, घाबऱ्या आवाजात, आणि मला म्हणाले, "सांग गे." त्या आवाजातली भीती मला ऐकवेना. मी उत्तर दिलं. त्या दिवशी एकही आकडा बिघडवला नाही. सगळं बरोबर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मॅडम माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी बापाची बाजू घेतली होती, हे त्यांना दिसलं.

"मुलगी तुमचीच आहे," त्या अप्पांना म्हणाल्या. "तिला तुमच्याकडेच राहू द्या."

अप्पांना तो आशीर्वाद वाटला. मॅडमनी आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला, मला कुंकू लावलं, विडा आणि ब्लाउजपीस हातावर ठेवला. घरी आलेल्या बाईला निरोप देताना देतात तसं. मोपेड सुरू होईपर्यंत आत शिकवणं पुन्हा सुरू झालं होतं.

मी अप्पांवर रागावले आहे असं लोकांना वाटतं. आहेच. पण त्याहून जास्त त्या बाईवर आहे. अप्पांना कळत नव्हतं. तिला कळत होतं. तिच्या घरात भिंतभर पुस्तकं होती, त्यातलं दुसरं एखादं काढून माझ्या हातात देता आलं असतं. चटईवर एक कोपरा रिकामा होता. पण हुशार माणसांना मूर्ख बापांची फार लवकर शिसारी येते, आणि त्याची शिक्षा ती मुलांना देतात. तिने मला पकडलं होतं, तिच्याखेरीज कुणीच पकडलं नव्हतं, आणि मग सोडून दिलं. न पकडती तर बरं झालं असतं.

पुढच्या नवरात्रात मी कोलूसमोर बसले आणि गप्प राहिले. आकडे येत होते, तोंड उघडत नव्हतं. दृष्ट लागली म्हणून माझ्यावरून मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट मोठी होती. गालावर काजळाचा मोठा ठिपका लागला. कुणाची दृष्ट यावर घरात पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी ती तिरुवैयारूच्या दिशेने आली असं ठरलं. त्यानंतर मी शाळेत बऱ्यापैकी गुण मिळवणारी मुलगी झाले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कॉलेजात एका दुपारी सरांनी त्या न संपणाऱ्या संख्यांचं उत्तर फळ्यावर चार ओळींत लिहून टाकलं. बाकीच्यांनी उतरवून घेतलं. मला कुणीतरी माझ्या घरातून काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. ते मला स्वतःला सापडायला हवं होतं, कितीही वर्षं लागली असती तरी.

अप्पा गेले. घर माधवकडे आहे. कोलू अजून मांडतात, आता दिव्यांच्या माळा लावून. काल त्याने व्हिडिओ कॉल केला. आधी सगळ्या पायऱ्या दाखवल्या. सगळ्यात वर, कलशाशेजारी, विटलेल्या जरीत ते. "अप्पांचं पुस्तक," माधव अभिमानाने म्हणाला. त्याला आता तेच नाव पडलंय. ते कुणी उघडल्याचं मला आठवत नाही, आणि मागितलं तर पूजेतलं कसं काढायचं, हे उत्तर मी ऐकून आहे.

मग फोन खाली आला. कोलूसमोर माझी भाची वर्षिणी बसली होती, पावाडै नेसून. खोली भरलेली होती, कडेला बायकांचे पदर दिसत होते.

"अक्का, बग गे, ही तुजवर गेली! विचार की दोन आकडे. मोठे विचार."

मला विचारायचं नव्हतं. पण मुलगी सरळ माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "सातशे चोवीस, चारशे त्रेसष्ट."

ती पायऱ्यांकडे वळली. ओठ जरासे हलले. मग ठणठणीत आवाजात म्हणाली, "तीन लाख छत्तीस हजार दोनशे बारा."

टाळ्या झाल्या. पहिला आकडा बरोबर होता. शेवटचा बरोबर होता. मधे छत्तीसच्या जागी पस्तीस हजार हवं होतं. आणि वर्षिणी खाली न बघता एकेकाच्या तोंडावरून नजर फिरवत होती. फिरवत फिरवत फोनपर्यंत आली.

"चुकलं," मी म्हटलं.

टाळ्या थांबल्या. वर्षिणी हलली नाही, पण तिचे डोळे असे काही उजळले की मला ते बघवेनात. माधव म्हणाला, "नाही गे अक्का, तुज नीट ऐकू आलं नसेल, लाइन बरी नाही." मी म्हटलं, "मधला आकडा चुकला, माधवा. तिनं मुद्दाम चुकवला. ते पुस्तक खाली काढ आणि तिच्या हातात दे." तोवर माझी भावजय हेमा उठली होती. मुलगी आजवर कधी चुकली नव्हती, आणि आत्याची नजर पडताच चुकली. दोन आणि दोन चार करायला कुणालाही शिकवावं लागत नाही. ती मूठभर मीठ आणि मिरच्या घेऊन आली आणि वर्षिणीवरून उतरायला लागली. कुणीतरी म्हणालं, आता फोन ठेवा, बोलणं नक्को.

मूठ तिच्या डोक्याभोवती फिरत होती आणि मुठीच्या आडून वर्षिणी माझ्याकडे बघत होती. तिने मांडीवरचा हात हळूच वर उचलला. तीन बोटं दाखवली. मिटली. पुन्हा तीन दाखवली. मिटली. मग पाचही बोटं पसरून हात पुढे धरला.

"बग," माधव कौतुकाने म्हणाला, "तुज टाटा करती." आणि त्याने फोन बंद केला.